हार्डवेअरवाल्याने सर्टिफिकेट काढावं का? (ए प्लस, सीसीएनए वगैरे)

खटपट्या
मंडळी, पहिलाच धागा आहे, चुकलंमाकलं पोटात घ्या. इतकी वर्षं नुसता वाचनमात्र होतो.

सांगलीत एका कॉम्प्युटरच्या दुकानात सहा वर्षं काम करतोय. बी.कॉम. दुसऱ्या वर्षाला सोडलं. दुकानात लागलो तेव्हा काम म्हणजे चहा सांगणं आणि खोकी फोडणं. मालकांना आम्ही काका म्हणतो. त्यांनी हळूहळू स्क्रू ड्रायव्हर हातात दिला. आता असेंब्ली, लॅपटॉपचे डिस्प्ले, तुटलेल्या बिजागऱ्या, कॅमेऱ्यांची जोडणी आणि तीन पतसंस्थांची एएमसी (वर्षभराच्या देखभालीचा करार) मीच बघतो. बोर्डावरचं चिप लेव्हलचं काम येत नाही, ते कोल्हापूरला जातं. पगार १६ हजार, शिवाय रविवारी घरी जाऊन केलेली कामं.

पुण्यातल्या एका इन्स्टिट्यूटने फोनवर ए प्लस, एन प्लस (कॉम्पटिया या संस्थेची, पहिलं दुरुस्तीचं, दुसरं नेटवर्कचं) आणि सीसीएनए (सिस्को कंपनीचं नेटवर्कचं) असं कॉम्बो ८५ हजारांत सांगितलंय. म्हणे नोकरीची १०० टक्के हमी. काकांना विचारलं तर म्हणाले, "गिऱ्हाईक मशीन चालू झाली का बघतं, तुझा कागद कशाला बघतंय?" तेही खोटं नाही. पण दुकानात माझ्यापुढे कुठली पायरी आहे तेही दिसत नाही.

ज्यांनी काढलीत त्यांनी सांगा, दोन पैसे जास्त मिळाले का? का नुसतं भिंतीवर लावायला?

पेठेतला_पंप
१०० टक्के नोकरीची हमी देणाऱ्याला एकच विचारा. तिथे शिकवणाऱ्या मास्तरांना ती हमी का लागू झाली नाही?

वर्षा_मालवण
वाचतेय. अवांतराबद्दल क्षमस्व, पण इथे जाणकार जमलेत म्हणून विचारते. माझ्या झेरॉक्सच्या दुकानातल्या लेझर प्रिंटरवर प्रत्येक पानावर काळे ठिपके येतायत. टोनर परवाच रिफिल केलाय. काय असेल?

पेठेतला_पंप
ताई, दुसरा प्रतिसाद येतो न येतो तोच फुकट सर्व्हिस सुरू. धागाकर्त्याची वरकमाई बुडवू नका.

एनटी_आजोबा
आमचं रामायण ऐका. १९९९ साली मी दादरला क्लास लावून एमसीएसई केलं, म्हणजे मायक्रोसॉफ्टचं सर्व्हर सांभाळणाऱ्यांचं सर्टिफिकेट, विंडोज एनटी ४ वालं. सहा पेपर, चार सक्तीचे आणि दोन आवडीचे. आवडीचे म्हणजे ज्याची गाइडं बाजारात मिळत ते. पीएफमधून पैसे काढले होते, बायको महिनाभर बोलत नव्हती. सहावा पेपर सुटला त्या दिवशी सेंटरवरून घरी येताना पेढे घेतले.

त्या कागदावर मला मस्कतमध्ये नोकरी लागली, हे निर्विवाद. मुलाखतीत कोणी सर्व्हर दाखवला नाही, फाईल बघितली. तिथे गेल्यावर पहिल्याच आठवड्यात सर्व्हर झोपला. मला डोमेन कंट्रोलरची व्याख्या पाठ होती, पण पॉवरचं बटण मागे आहे का पुढे तेही ठाऊक नव्हतं. एका केरळी सहकाऱ्याने वाचवलं. त्याच्याकडे कुठलाच कागद नव्हता आणि त्याचा पगार माझ्यापेक्षा कमी होता. याची लाज मला आजही वाटते.

त्या काळी आमच्यासारख्यांना 'कागदी एमसीएसई' म्हणत. पुढे विंडोज २००० आलं. मायक्रोसॉफ्टने आधी एनटीवाल्यांची सर्टिफिकेटं बाद करायचं ठरवलं, ओरडा झाल्यावर २००१ मध्ये निर्णय फिरवला. पण बाजाराने तोवर ती बाद केलीच होती. मग २०२१ च्या जानेवारीत खुद्द एमसीएसईच बंद करून टाकलं. आता जी रोलनुसार देतात ती दर वर्षी ऑनलाइन नूतनीकरण करावी लागतात, त्याला पैसे पडत नाहीत एवढं बरं.

म्हणजे विचारशील तर मला फायदा झाला. पण काढल्यापासून दोन-तीन वर्षांत जो झाला तोच.

तळकोकणी
आजोबा, पेढे कुठले होते?

एनटी_आजोबा
आठवत नाही, पण पैसे बायकोच्याच पर्समधून गेले होते.

हिंजवडी_हताश
मी एका सर्व्हिस कंपनीत डेस्कटॉप सपोर्टची माणसं घेतो, त्यामुळे पलीकडच्या खुर्चीतून सांगतो.

बायोडेटा आधी एचआरच्या चाळणीतून येतात. त्या मुलीला रॅम आणि रोम यातला फरक माहीत असायचं कारण नाही. तिला मी जे शब्द लिहून देतो ते ती शोधते. त्यात पदवी नसेल तर निदान एखादं सर्टिफिकेट हे असतंच. त्यामुळे खटपट्या, तुमचा बायोडेटा आज माझ्या टेबलावर येणारच नाही. तुम्ही कितीही हुशार असा.

टेबलावर आल्यावर मात्र खेळ वेगळा. माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो. लॅपटॉपला १६९.२५४ ने सुरू होणारा आयपी आलाय, इंटरनेट नाही, काय कराल? निम्म्या मुलांचं उत्तर "फॉरमॅट मारतो". सर्टिफिकेटवाले व्याख्या म्हणतात, डीएचसीपीकडून (मशीनना आयपी वाटणारी यंत्रणा) पत्ता मिळाला नाही की विंडोज स्वतःच असा पत्ता लावून घेते. बरोबर आहे. मग विचारतो, बरं, आता उठून कुठे जाल? इथे ते गप्प. मागे एक मुलगा म्हणाला, "आधी शेजारच्या मशीनचा बघीन. त्याचाही तसाच असला तर स्विचकडे जाईन, नसला तर याची केबल." त्याला घेतला. साताऱ्याच्या दुकानातून आला होता.

आता त्याच मुलाची दुसरी गोष्ट. १९ जुलै २०२४, शुक्रवार. एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या अपडेटने जगभर निळे पडदे आले तो दिवस. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख मशीन. मशीन सुरूच होत नव्हती, त्यामुळे दूर बसून काही करता येईना. एकेका लॅपटॉपपाशी जायचं, बिटलॉकरची (डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय) ४८ आकडी की टाकायची, सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाईल उडवायची, की पुढचा लॅपटॉप. हा पठ्ठ्या सगळ्यात जलद. रात्री दहापर्यंत त्याने एकट्याने दोन मजले उठवले. आणि सहकाऱ्यांना सोपं जावं म्हणून त्याने सगळ्या कीची एक्सेल शीट व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली.

क्लायंटच्या सिक्युरिटीवाल्यांना सोमवारी कळलं. पुढचे दोन आठवडे मी फक्त खुलासे लिहीत होतो. मुलगा राहिला नोकरीत, पण कसा ते मलाच माहीत. अशा गोष्टी दुकानात कोणी शिकवत नाही, कारण दुकानात पासवर्ड चिठ्ठीवर लिहून लॅपटॉपला चिकटवलेला असतो. ए प्लसच्या दुसऱ्या पेपरात या कामाच्या शिस्तीवर एक अख्खा भाग आहे. मुलं तो कंटाळवाणा म्हणून सोडतात.

पेठेतला_पंप
चिठ्ठीवर पासवर्ड लिहिलेला लॅपटॉप रद्दीत गेला तरी चिठ्ठी निघत नाही. तो गोंद कुठला असतो?

डंपबहाद्दर
कबुलीजबाब. नाव बदललेलं आहे, ओळखणाऱ्यांनी ओळखू नये.

सीसीएनए मी डंप (परीक्षेतले फुटलेले प्रश्न आणि उत्तरं) पाठ करून काढली. कुठून मिळाले विचारू नका. प्रश्न वाचायच्या आधी उत्तर दिसायचं. गुण मस्त आले. नोकरीच्या दुसऱ्या महिन्यात ब्रँचमध्ये नवा स्विच बसवायला एकट्याला पाठवलं. दोन स्विचच्या मधला ट्रंक पोर्ट (सगळ्या व्हीलॅन, म्हणजे एकाच नेटवर्कचे वेगळे केलेले कप्पे, पलीकडे नेणारा) लावायचा, इतकंच. लावला. एक व्हीलॅन आली, बाकीच्या गायब. कन्सोलवर नेटिव्ह व्हीलॅन जुळत नाही म्हणून दर मिनिटाला इशारा येतोय आणि मी तो वाचायचं सोडून केबल बदलतोय. सहा केबली बदलल्या. शेवटी तिथल्या वॉचमनने विचारलं, "साहेब, जुनाच लावायचा का परत?"

जुनाच लावला.

त्या रात्रीपासून खरा अभ्यास केला. पॅकेट ट्रेसर हे सरावाचं सॉफ्टवेअर सिस्कोच्या अकॅडमीत खातं उघडलं की फुकट मिळतं. स्विच, राउटर सगळं पडद्यावर मांडून मोडायचं आणि परत उभं करायचं. तीन वर्षांनी मुदत संपली तेव्हा दुसऱ्यांदा परीक्षा दिली, या वेळी स्वतःच्या डोक्याने. गुण पहिल्यापेक्षा कमी आले.

मेरीलँडकर
इकडची बाजू. अमेरिकेत ए प्लसला किंमत आहे, पण ती का आहे ते समजून घ्या. संरक्षण खात्याच्या संगणकांना हात लावायचा तर ठरावीक सर्टिफिकेट हवंच असा नियम २००५ पासून होता, ८५७० नावाचा. २०२३ पासून त्याची जागा ८१४० ने घेतली. ठेकेदाराकडे काम करायचं तर नागरिकत्वाबरोबर तोही कागद लागतो. मी चाळिशीत शाळेच्या हेल्प डेस्कवर लागलो तेव्हाही जाहिरातीत ए प्लस होतं.

भारतात असा नियम नाही, त्यामुळे "अमेरिकेत चालतं" हे इन्स्टिट्यूटवाल्याचं वाक्य खरं असलं तरी सांगलीत त्याचा उपयोग नाही. आणि एक. पूर्वी ए प्लस एकदा काढलं की जन्मभर पुरायचं. २०११ पासून तीन वर्षांची मुदत आहे. माझ्या एका मित्राकडे २००३ चं आहे, तो ते हापूसच्या पेटीसारखं मिरवतो.

आयटीआयचे_मास्तर
गेली बरीच वर्षं आयटीआयमध्ये शिकवतोय, म्हणून थोडं लांबण लावतो.

सर्टिफिकेट म्हटलं की सगळे परदेशी कंपन्यांची नावं घेतात. आपल्या घरचं कोणी बघत नाही. आयटीआयमध्ये हार्डवेअर आणि नेटवर्क मेन्टेनन्सचा एक वर्षाचा ट्रेड आहे, आयसीटीएसएम (माहिती आणि संपर्क यंत्रणांची देखभाल) हा दोन वर्षांचा. शासकीय संस्थेत फी नाममात्र. पास झाल्यावर राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळतं आणि त्यावर अ‍ॅप्रेंटिस म्हणून लागता येतं. सरकारी भरतीच्या जाहिरातीत हेच मागतात. तिथे ए प्लस दाखवलंत तर समोरचा कारकून विचारेल, हा रक्तगट आहे का?

एक घोळ मात्र मुलं नेहमी करतात. 'कोपा'ला प्रवेश घेतात आणि मग विचारतात, सर, मशीन कधी खोलायची? कोपा हा ऑपरेटर आणि प्रोग्रॅमिंगचा ट्रेड आहे. आणि एमएस-सीआयटी ही तर सगळ्यांनाच लागते, शिक्षकापासून तलाठ्यापर्यंत. ती संगणक साक्षरता आहे, दुरुस्ती नव्हे. माझ्याकडे एक पालक आले होते, "पोरानं एमएस-सीआयटी केलीय, आता दुकान टाकून देऊ का?" म्हटलं, थांबा जरा.

आमच्याकडे उणीव आहे, नाकारत नाही. अभ्यासक्रमात आहे पण प्रयोगशाळेत नाही अशी यंत्रं असतात. आरजे-४५ (नेटवर्क केबलच्या टोकाचा कनेक्टर) क्रिम्प करताना एका बॅचला एकच क्रिम्पिंग टूल मिळालं, तेव्हा मुलं कनेक्टर दाताने दाबायला निघाली होती. पण पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी हा तारांच्या रंगांचा क्रम माझा कुठलाही विद्यार्थी झोपेत म्हणेल.

तळकोकणी
मास्तर, हा क्रम मी देवळाच्या भिंतीवर बांधकामवाल्याने रंगवलेला बघितलाय.

वऱ्हाडी_ठेचा
काय राजेहो, सगळे नेटवर्कातच अडकले. मी सांगतो, टेक्निशियन कोणता खरा ते कुठे कळते.

अमरावतीजवळच्या एका शाळेतून फोन. संगणक कक्षातल्या मशीनला हात लावला की पोरांना झिणझिण्या. दोन मदरबोर्ड गेले होते. आधी जो आला त्याने एसएमपीएस (मशीनला वीज देणारा डबा) बदलले. पुन्हा तेच. त्याच्याकडे सर्टिफिकेट होतं, फ्रेम केलेलं, गाडीत ठेवत होता.

मी गेलो, मल्टिमीटर काढला, एक टोक कॅबिनेटच्या स्क्रूला आणि एक जमिनीतल्या खिळ्याला. ११० च्या आसपास व्होल्ट. म्हटलं, एसएमपीएस निर्दोष आहे बावा. एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टरचे दोन कपॅसिटर असतात, एक फेजकडून आणि एक न्यूट्रलकडून, मधला सांधा कॅबिनेटला म्हणजे अर्थिंगला. अर्थिंगच नसली तर कॅबिनेट २३० च्या मधोमध लटकते. म्हणून निम्मे व्होल्ट. करंट फार नसतो, पण झिणझिण्या येतात, आणि मशीन चालू असताना केबल खोचली की बोर्डाचे पोर्ट जातात.

मागच्या भिंतीला जाऊन पाहिलं तर अर्थिंगची तार कापून कोणीतरी कपडे वाळत घातले होते. शिपायाचे.

नवीन खड्डा खोदला, प्लेट टाकली, तार जोडली. ते दुरुस्तीचं सर्टिफिकेट, अँटी स्टॅटिक पट्टा मनगटाला बांधा म्हणते. पट्टा बांधून दुसरं टोक कशाला लावणार? त्याच न जोडलेल्या कॅबिनेटला?

पेठेतला_पंप
+१. शिपायालाही एक प्रमाणपत्र द्या.

आयटीआयचे_मास्तर
ठेचासाहेब, तुमचं निदान बरोबर, निष्कर्ष चूक. अर्थिंग हे आमच्या अभ्यासक्रमात पहिल्याच सत्रात येतं. त्या फ्रेमवाल्याला ते शिकवलं होतं, तो विसरला. त्याने मल्टिमीटर काढला नाही हा दोष त्याचा आहे, कागदाचा नाही.

वऱ्हाडी_ठेचा
मास्तर, मी बी तेच म्हणून राहिलो. कागदात मल्टिमीटर बसत नाही.

ठाणेकर_सीए
मला दुकानदारांबद्दल एवढा उमाळा नाही. कारण सांगतो.

गेल्या वर्षी जुलैमध्ये, रिटर्न भरायच्या ऐन गर्दीत, माझा लॅपटॉप निळ्या पडद्यावर अडकला. बिटलॉकरची की मागत होता. मला ती म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. जवळच्या एका दुकानात दिला. मुलगा हुशार वाटला, भराभर बोलत होता. संध्याकाळी फोन, "सर, झालं, एकदम नवा करून दिलाय." नवाच केला होता. अख्खी डिस्क फॉरमॅट. ४३ क्लायंटचा टॅलीचा डेटा गेला. बॅकअप मार्चचा होता, त्यात अर्धी चूक माझीच. पण बिटलॉकरची की बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सेव्ह असते आणि दुसऱ्या फोनवरून दोन मिनिटांत दिसते, हे त्या मुलाला ठाऊक नव्हतं. आणि फॉरमॅट करण्याआधी "डेटा हवाय का" हे दोन शब्द विचारावेत, हेही नाही.

म्हणून माझ्या ऑफिसची एएमसी द्यायची तर मी आता कागद मागतो. कागदाने हुशारी येत नाही, मान्य. पण निदान कोणीतरी त्याला एकदा बसवून "आधी बॅकअप" म्हटलेलं असतं.

लॅमिंग्टन_रोडवाला
सीए साहेब, दुखऱ्या जागी बोट ठेवलंत.

मी २८ वर्षं या धंद्यात. खटपट्याच्या काकांसारखाच होतो, कागदाला हसायचो. एकदा एक सीसीएनएवाला पोरगा ठेवला. पहिल्या दिवशी रॅमचे पिन खोडरबराने पुसायला सांगितले तर माझ्याकडे असा बघायला लागला जशी मी त्याला लादी पुसायला सांगितली. तीन महिन्यांत गेला. तेव्हा जिंकल्यासारखं वाटलं.

पण आता धंदाच बदलतोय ना. बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये रॅम सोल्डर केलेली, वाढवायची सोय नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा महिनाभर "माझ्या मशीनवर ११ चढेल का" याचंच उत्तर देत बसलो. टीपीएम २.० (११ ला लागणारी सुरक्षेची चिप) नाही म्हणून अर्ध्या मशीन बाद. लोक दुरुस्त करत नाहीत, बदलतात. दुकानात आता उरलं काय, तर एएमसी आणि नेटवर्क. आणि मागच्या वर्षी एका मोठ्या सोसायट्यांच्या फेडरेशनचं काम हातचं गेलं, कारण निविदेत "प्रमाणित तंत्रज्ञ किमान दोन" अशी अट होती आणि आमच्याकडे अर्धा पण नव्हता. काम ज्याला मिळालं, तो माणसं माझ्याकडूनच रोजावर नेतो.

भाच्याला बसवलं मग परीक्षेला. रात्री दुकान बंद करून तो मला लेझर प्रिंटरच्या सात पायऱ्या म्हणून दाखवायचा. प्रोसेसिंग, चार्जिंग, एक्स्पोजिंग, डेव्हलपिंग, ट्रान्सफरिंग, फ्यूझिंग, क्लीनिंग. २८ वर्षं प्रिंटर उघडतोय, पण हे असं क्रमाने मला कोणी सांगितलं नव्हतं. मजा वाटली खरंच.

वर्षा_मालवण
प्रिंटरचा विषय निघालाच आहे तर... माझे ठिपके?

तळकोकणी
ताईंची चिकाटी बघता यांनाच सर्टिफिकेट द्या.

हौशी_एआय
पण मुळात पाच वर्षांनी टेक्निशियन लागणार आहे का? सगळं एआय सांगेल. मी माझा वायफायचा प्रॉब्लेम चॅटबॉटला विचारून सोडवला.

वऱ्हाडी_ठेचा
चॅटबॉटला सांग शिपायाचे कपडे काढून तार जोड म्हणा.

हिंजवडी_हताश
हौशी, पासवर्ड रिसेट वगैरे पहिल्या पायरीची तिकिटं (नोंदवलेल्या तक्रारी) खरंच कमी होतायत आमच्याकडे. म्हणून तर दुकानातून उठून थेट पहिल्या पायरीवर येणाऱ्यांना जागा कमी आहेत. खटपट्या, हे मनावर घ्या. नुसत्या ए प्लसवर आलात तर थर्ड पार्टी पेरोलवर (ठेकेदाराच्या पगारावर) घेतील, आणि पुण्यातलं खोलीभाडं आणि मेस वजा केली तर तुमचे सांगलीचे १६ हजार जड वाटतील. नेटवर्क किंवा क्लाउडकडे एक पाऊल असेल तर गोष्ट वेगळी.

खटपट्या
एवढे प्रतिसाद! दोन दिवस दुकानात गर्दी होती, आज सगळं वाचलं. पंपसाहेब, इन्स्टिट्यूटवाल्याला तुमचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. म्हणाला, "सर, आपण मॅनेजमेंटशी बोलून फीमध्ये ॲडजस्ट करू." ८५ चे ६० झाले. दुसऱ्या दिवशी स्वतःच फोन करून ५२ म्हणाला. मग मीच उचलणं बंद केलं.

डंपबहाद्दरांनी लिहिलं म्हणून फुकट काय मिळतं ते शोधलं. ए प्लसचा सगळा अभ्यासक्रम पीडीएफमध्ये कॉम्पटियाच्या साइटवरच आहे, आणि प्रोफेसर मेसरचे व्हिडिओ यूट्यूबवर फुकट. पीडीएफची प्रिंट काढली आणि पेन घेऊन बसलो. येतं त्याला टिक, नाही त्याला फुली.

पहिल्या पेपराला बऱ्याच टिका आल्या, छाती फुगली. दुसऱ्या पेपराला फुल्याच फुल्या. विंडोजमधल्या परवानग्या, कोणता मालवेअर कसा काढायचा त्याचा क्रम, डिस्क टाकून देताना डेटा कसा नष्ट करायचा. शेवटच्यावरून आठवलं, आम्ही जुन्या हार्ड डिस्क भंगारात तशाच देतो. पतसंस्थेच्यासुद्धा. काकांना दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ड्रिल मशीन कुठाय?" दुपारभर बसून ३१ डिस्कना भोकं पाडली.

आणि बिघाड शोधायच्या सहा पायऱ्या आहेत त्यात. काय होतंय ते विचारा, का होत असेल ते ठरवा, तपासा, करा, झालं का बघा, आणि सहावी, लिहून ठेवा. पाच आम्ही करतोच. सहावी कोणीच करत नाही. एकाच पतसंस्थेत एकच स्विच तीनदा अडकतोय आणि तिन्ही वेळा मी तो पहिल्यांदा अडकल्यासारखा बघतोय. म्हणून २०० पानी वही आणलीय.

ठरवलंय ते असं. ए प्लसचा अभ्यास करणार, परीक्षा देणार नाही. पैसे साठवून सीसीएनएच देणार. एकच पेपर, ३०० डॉलर अधिक जीएसटी, म्हणजे ५२ हजारांपेक्षा खूप खाली. काका म्हणाले निम्मे मी देतो, पण निदान दोन वर्षं सोडून जाऊ नकोस. याचं काय उत्तर द्यायचं ते ठरत नाहीये.

लॅमिंग्टन_रोडवाला
दोन वर्षं लिहून मागितली का तोंडी?

खटपट्या
तोंडी.

लॅमिंग्टन_रोडवाला
मग घे बाबा. माझ्या मालकाने माझ्याकडून स्टॅम्प पेपरवर घेतली होती.

मेरीलँडकर
असहमत. अठरा महिन्यांत चांगली संधी आली तर शब्द गळ्यात अडकेल. स्वतःचे पैसे घाल.

एनटी_आजोबा
मेरीलँडकर, तुम्ही तिथून म्हणताय ते ठीक. काकांना परकंही म्हणता येणार नाही, आणि सांगली लहान आहे. मी असतो तर निम्मे घेतले असते आणि पहिल्या पगारात परत केले असते. पेढ्यांसकट.

हिंजवडी_हताश
खटपट्या, त्या वहीचा फोटो बायोडेटाला जोडा. मी गंमत करत नाही. डंप पाठ केलेली पोरं मला ढिगाने मिळतात, तिकीट नीट लिहिणारा अजून मिळालेला नाही.

खटपट्या
धन्यवाद सगळ्यांना. आणि वर्षाताई, तुमचं राहिलंच. एक पान प्रिंट करा. ठिपके एकाच उभ्या ओळीत खाली खाली येतात का? येत असतील तर फुटपट्टीने एका ठिपक्यापासून खालच्या ठिपक्याचं अंतर मोजून सांगा.

वर्षा_मालवण
हो, एकाखाली एक आहेत. अंतर साडेसात सेंटीमीटर. सगळीकडे तेवढंच. हे कशाला पण?

खटपट्या
कार्ट्रिजमधला ड्रम. तुमचा छोटा प्रिंटर असणार, त्यांच्या ड्रमचा घेर साधारण तेवढाच असतो. ड्रमवर एका जागी ओरखडा पडला की एक फेरा झाला की पुन्हा तोच ठिपका. प्रत्येक रोलरचा घेर वेगळा, म्हणून अंतर वेगळं. काकांनी दुकानाच्या भिंतीवर पेन्सिलीने खुणा करून ठेवल्यात, कुठलं अंतर कशाचं. रिफिलवाल्याने पावडर भरली, ड्रम जुनाच ठेवला. नवा ड्रम टाकून घ्या, अख्खं कार्ट्रिज घ्यायची गरज नाही. आणि उघडलेला ड्रम उन्हात ठेवू देऊ नका.

वर्षा_मालवण
टाकला. गेले ठिपके! देव बरे करो. आता फक्त स्कॅनवर एक उभी रेघ येतेय, वरून एकावर एक कागद घातले की. काचेवर ठेवून केला तर येत नाही. त्यासाठी वेगळा धागा काढू का?

पेठेतला_पंप
काढा. भाग २ लिहा शीर्षकात.

खटपट्या
काढू नका ताई. मोठ्या काचेच्या शेजारी बोटभर रुंदीची काचेची पट्टी असते, कागद तिच्यावरून सरकतो. तिथे शाईचा किंवा व्हाइटनरचा ठिपका असेल. नखाने खरवडू नका, ओल्या सुती कापडाने पुसा.